जिवंत माणसाचा कोशोक

लग्नाच्या हॉलमधले मोठे स्पीकर दुपारी मोकळे असतात, म्हणून पेरिजात आपलं नवं काम तिथं ऐकून बघायची. हेडफोनवर सगळंच बरं वाटतं. ठोका छातीवर बसतो की नुसता भिंतीवर आपटून परत येतो, हे हॉलमध्येच कळतं. मालकाची हरकत नव्हती. शनिवार-रविवार ती त्याच्याकडे लग्नांचा आवाज सांभाळायची. नवऱ्या मुलाचे काका माइक ओठांना लावून आशीर्वाद द्यायला लागले की कानात सुई गेल्यासारखी शिट्टी वाजते. ती वाजू न देणं हे तिचं काम. बाकीचे दिवस ती बिश्केकच्या एका जुन्या सोव्हिएत इमारतीत, आईच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून टेक्नो करायची. आईच्या भाषेत, 'भिंतीत खिळे ठोकायची'.

त्या मंगळवारी तिला तीन ट्रॅक ऐकून बघायचे होते. शुक्रवारी तिची पहिली रेकॉर्ड निघणार होती. नवं संगीत जगभर शुक्रवारीच निघतं, आणि 'चांग', म्हणजे धूळ, या नावाचं छोटं लेबल चालवणाऱ्या एर्मेकनं हा शुक्रवार महिनाभर आधीच धरून ठेवला होता. पहिले दोन ट्रॅक ठीक वाजले. तिसरा सुरू झाला. त्याच्या मध्यावर सगळे ठोके थांबतात आणि एका बाईचा एकटा आवाज वर चढत जातो. तो चढला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात सोनून अपा येऊन उभी राहिली. ती तिथं भाज्या चिरायची. हातात अर्धवट सोललेलं गाजर होतं.

कोण गेलं, असं तिनं विचारलं. पेरिजातनं आवाज कमी केला आणि सांगितलं, वडील, गेल्या उन्हाळ्यात. आणि गाणारी त्यांची थोरली बहीण.

"बहीण भावाला असं नाही रडत," सोनून अपा म्हणाली. "ही आई आहे. पोराला रडतेय. परत लाव."

पेरिजातनं परत लावलं. सोनून अपा एकेक ओळ साध्या बोलीत सांगत गेली. परक्यांची घरं उंच केलीस, तुझ्या घराला दार लागलं नाही. उत्तरेच्या गावात तुझ्या तोंडात पाणी कुणी घातलं. माझं राखाडी शिंगरू बर्फात पडलं आणि मी इथं दूध तापवत बसले.

बुबुसारा एजेला, म्हणजे तिच्या त्या आत्याला, एकच मुलगा होता. कुबात. तो रशियात, उरल डोंगरांकडच्या एका शहरात, बांधकामावर होता. तो मेलेला नव्हता.

"तो गेला का, बाई?"

"नाही."

सोनून अपानं गाजर टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या गळपट्टीत तीनदा थुंकल्यासारखं केलं. "जित्या माणसाचा कोशोक," ती म्हणाली, "आणि तोही एवढ्या मोठ्यानं?" मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

कोशोक हे मेलेल्या माणसाचं गाणं. घरात कुणी गेलं की अंगणात बुरणुसाचं गोल घर उभं करतात, प्रेत त्यात ठेवतात. घरातल्या बायका आत भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बसतात आणि माणसांचा प्रत्येक नवा घोळका दारात आला की गातात. मुल्लांना हे आता आवडत नाही, पण कोचकोरच्या, म्हणजे आत्याच्या गावाच्या, बाजूला बायका मुल्लांना जेवायला वाढतात आणि गायचं ते गातात. बुबुसारा एजेचा कोशोक दोन खोऱ्यांत प्रसिद्ध होता. पेरिजातला मात्र तो येत नव्हता. ती शहरात, रशियन शाळेत वाढलेली. वडील ट्रक चालवायचे. गेल्या उन्हाळ्यात ते बहिणीकडे गेले असताना वारले. तेव्हा फोनवर तिला कुणी ते सांगितलं नाही. बाबांना जरा बरं नाही, येऊन जा, एवढंच सांगितलं. वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. ती पोचल्यावर चार म्हातारे गोळा झाले, तिला बसवलं, आणि फिरून फिरून मग सांगितलं. नंतर ती बुरणुसाच्या घरात आत्याशेजारी बसून राहिली. बाहेर माणसं येत होती, आत्या गात होती, आणि पोरगी असून बापाला दोन ओळी रडता येत नाहीत हे सगळ्यांना ऐकू येत होतं.

तिसरा ट्रॅक त्यातून आला होता. बापासाठी आपल्याला जे येतं ते तरी करावं, असं तिनं ठरवलं. वसंतात, नोरुझ म्हणजे नवं वर्ष झाल्यावर, ती रेकॉर्डर घेऊन कोचकोरला गेली आणि आत्याला भावाचा कोशोक पुन्हा म्हणायची विनंती केली. वर्षश्राद्ध व्हायचं होतं. तोवर गेलेल्या माणसाचा कोशोक म्हणायला हरकत नसते. आत्यानं आढेवेढे घेतले, मग म्हटला. सुरुवातीला तिनं 'माझ्या धाकट्या भावा' म्हटलेलं पेरिजातला समजलं. पुढचं तिनं शब्द म्हणून ऐकलंच नाही. घशातली खरखर, वर जाताना मोडणारा सूर, ओळीच्या शेवटी सोडलेला श्वास, हे ऐकलं. शेवटचा भाग सगळ्यात चांगला होता. तोच तिनं घेतला.

एर्मेकचं ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्याखालचं तळघर. पेरिजात पोचली तेव्हा तो कॅसेटच्या डब्यांत छापील कागद घालत बसला होता. तिचं ऐकून घेऊन तो हसला.

"तीन दिवस राहिले आणि तुला आत्ता शब्द ऐकू आले? तुझी आत्या गातेय पेरिजात, कुणी जपानी बाई नाही."

"तुम्हाला तरी कळले का, बाइके?"

एर्मेकनं हातातला कागद डब्यात घातला. तोही रशियन शाळेतलाच. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून बाइके, एवढाच फरक. "मी सूर ऐकत होतो," तो म्हणाला.

"मीही."

असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. मग सांगितलं की ऑनलाइन दुकानांकडे फाइल गेलेली आहे, गुरुवारी संध्याकाळपर्यंत बदलता येईल, पुढे नाही. आणि डीजे लोकांना महिनाभर आधी ज्या प्रती पाठवल्या त्या काही परत येत नाहीत. त्यातल्या एकानं परदेशातल्या कुठल्याशा रेडिओवर तिसरा ट्रॅक वाजवलासुद्धा होता. ही खुशखबर तो तिला आठवड्यापूर्वी देऊन बसला होता. बोलता बोलता त्यानं आपलं जाकीट काढलं आणि कॅसेटच्या ढिगावर टाकलं. तळघरात उकडत नव्हतं.

घरी येऊन तिनं कुबातला फोन लावला. बंद होता. आईला विचारलं तर आई म्हणाली, वसंतापासून त्याचा फोन लागत नाही म्हणे, तुझी आत्या म्हणत होती. रशियातलं नेटवर्क असंच. कामावरच्या माणसांना तिकडे कुठून कुठं, लढाईवरसुद्धा, पाठवतात, काय होतं, याच्या गोष्टी गावोगाव चालायच्या. आईनं त्यातली एकही काढली नाही. त्यानं पेरिजात जास्तच घाबरली.

ती रात्रभर हिशेब करत राहिली. आत्यानं त्या ओळी एकदा म्हटल्या होत्या. तिनं त्या कापल्या, फिरवल्या, पुन्हा लावल्या, एका ओळीचा शेवट बरोबर बसेना म्हणून एक अख्खा दिवस तीच ओळ वाजवली. लूप म्हणजे दुसरं काय, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायला लावणं. माणूस जिवंत असताना त्याचा कोशोक म्हटला तर मरण वाट शोधत येतं, असं म्हणतात. एकदा म्हटला तर. अख्खा वसंतभर म्हटला तर काय होतं, याबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नव्हतं, कारण तसं करायचं यंत्रच कुणाकडे नव्हतं.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप पाठीवर टाकून ती कोचकोरच्या शेअर टॅक्सीत बसली. आत्याला फोन केला नाही. असलं फोनवर विचारता येत नाही. बोमच्या घाटात ड्रायव्हरनं गाणी लावली तेव्हा तिनं ती बंद करायला सांगितली. तो म्हणाला, ताई, गाडी लागते का तुम्हाला. ती हो म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर पहिल्यांदा भेटली ती शेजारीण. ही बाई एरवी पगारापासून लग्नापर्यंत सगळं उभ्या उभ्या विचारून घेणारी. आज तिनं हातातली दुधाची बादली सावरली, "आलीस का, बाळा" म्हणाली आणि खाली बघत आत गेली. पेरिजात चालत राहिली. आत्याच्या फाटकाशी आली आणि थांबली.

अंगणात बुरणुसाचं घर उभं होतं.

गेल्या उन्हाळ्यात बापाचं जिथं उभं केलं होतं, तिथंच. वरचं लाकडी चाक चढवलेलं, बाजूचे बुरणूस बांधलेले, दाराची चटई खाली सोडलेली. आता काय करायचं ते ठरलेलं असतं. नात्यातल्या बाईनं मयताच्या घरी गुपचूप चालत जायचं नसतं. गल्लीतूनच मोठ्यानं रडत जायचं, म्हणजे आतल्या बायका ते ऐकून कोशोक धरतात. नाही रडली तर गाव वर्षानुवर्षं बोलतं. कुबात गेला असेल आणि ती मुकाट्यानं फाटक ढकलून आत गेली, तर बापाच्या वेळची अब्रू गेलीच होती, ही उरलीसुरलीही जाईल. आणि तो जिवंत असेल, आणि तिनं त्याच्या अंगणात उभं राहून हंबरडा फोडला, तर?

ती फाटकाला धरून खुणा शोधू लागली. बाहेर बांधलेला घोडा नव्हता. गाड्या नव्हत्या. भिंतीला टेकून काठ्यांवर वाकलेले पुरुष नव्हते. पण पुरुष नंतर येतात, घर आधी उभं राहतं. बातमी आत्ताच आली असेल. शेजारणीनं खाली बघितलं होतं. पेरिजातनं तोंड उघडलं, छातीभर श्वास घेतला, आणि तो श्वास आत तसाच धरून उभी राहिली.

बुरणुसाच्या घरातून आत्याचा आवाज आला. ती कुणाला तरी शिव्या देत होती.

"मेल्यांनो, माझ्या सासूनं एवढं खाल्लं नव्हतं, आणि सासू सगळं खायची."

चटई वर झाली आणि बुबुसारा एजे बाहेर आली. उंच, हाडापेरानं रुंद, डोक्याला फडकं, हातात दाभण आणि लोकरीचा दोरा. बुरणुसाला कसर लागली होती. दिराचा मुलगा येत्या आठवड्यात हे घर उन्हाळ्याच्या कुरणावर नेणार होता, म्हणून ते उभं करून आतून शिवणं चाललं होतं. तिनं भाचीकडे बघितलं.

"दारात काय उभी, तोंड वासून? गाय हरवली का?"

पेरिजातनं श्वास सोडला. त्याचा आवाज हुंदक्यासारखा आला, आणि आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

गुरुवार होता, म्हणून आत्याला तळण करायचं होतं. गुरुवारी-शुक्रवारी कणकेच्या चपट्या पोळ्या तेलात सोडतात. तो वास गेलेल्यांना पोचतो. एरवी होतील तेवढ्या करतात. घरावर काही येऊ घातलंय असं वाटलं, तर मोजून सात. कढई चढवताना आत्या इकडचं तिकडचं बोलत राहिली, आणि पेरिजात कणकेचे गोळे मोजत राहिली. सात होते.

तिनं मग सगळं सांगितलं, हॉलपासून. सोनून अपा काय म्हणाली तेही. आत्यानं मध्ये काही विचारलं नाही. ऐकव, एवढंच म्हणाली. हेडफोन तिच्या फडक्यावरून बसेनात, तेव्हा तिनं ते हातानं कानांशी दाबून धरले. ठोके चालू होते तोवर ती नातवाच्या करामती बघाव्या तशी बघत होती. मग ठोके थांबले. तिचा हात खाली आला. कणकेचं पीठ हेडफोनला लागलेलं होतं, ते ती बोटानं पुसत बसली.

"मी एकदा म्हणाले होते," ती म्हणाली. "तू किती वेळा म्हणायला लावलंस?"

पेरिजातनं लॅपटॉप मिटला.

आत्या मग सांगू लागली. त्या दिवशी भावाचं म्हणून झालं होतं. थांबायचं होतं. घसा थांबला नाही. पुढे जे आलं ते आपण म्हणतोय हे तिला शेवटच्या ओळीपाशी कळलं, तेव्हा तोंडातून गेलेलं होतं. भाची समोर डोळे मिटून मान हलवत बसली होती. तिला काही कळलेलं दिसत नव्हतं, म्हणून तीही बोलली नाही. त्याच आठवड्यात तिनं कुबातला फोन लावला, तर बंद. तेव्हापासून दर गुरुवारी सात पोळ्या. मुल्लाला सांगितलं नाही, शेजारणीला सांगितलं नाही. कुणाला सांगणार, की पोराचा कोशोक मीच म्हटला?

म्हणजे दोन महिने दोघी आपापल्या घरी एकाच गाण्याबरोबर राहत होत्या, ते कुणाचं हे एकीला माहीत होतं आणि दुसरीला मंगळवारपर्यंत नव्हतं. पेरिजात म्हणाली, आपण ते काढून टाकू, आज संध्याकाळपर्यंत काढता येतं. आत्या म्हणाली, गेलेलं काढता येतं का? डीजे लोकांना गेलेल्या प्रतींची गोष्ट पेरिजातनं सांगितली नाही. तिनं पोळी उलटली.

तेवढ्यात फाटक वाजलं.

खिडकीतून अंगण दिसत होतं. पुढे मुकाश अता, गावातले सगळ्यात वयस्कर, शाळेचे जुने हेडमास्तर. त्यांच्यामागे चार म्हातारे, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या बुरणुसाच्या टोप्या. सगळ्यात मागे ती शेजारीण, डोक्याला नीट रुमाल बांधून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाच म्हातारे एका ओळीत, भर दुपारी, चहाला येत नाहीत. पेरिजातनं असे म्हातारे गेल्या उन्हाळ्यात पाहिले होते. तिच्यासाठीच आले होते.

आत्यानंही पाहिलं. ती उठली. तिनं कढईकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं, आणि तिचे दोन्ही हात आपोआप कमरेवर गेले. खांदे वर झाले. तो श्वास पेरिजातच्या ओळखीचा होता. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोच होता, तिनं तो शेकडो वेळा ऐकला होता. त्यानंतर काय येतं हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं आत्याच्या तोंडावर हात ठेवला.

वडीलधाऱ्या बाईच्या तोंडावर हात ठेवलेला त्या गल्लीत कुणी पाहिला नसेल. आत्यानं मान झटकली. पेरिजातनं सोडलं नाही, दुसऱ्या हातानं तिचं डोकं आपल्या खांद्याशी दाबलं. आत्याचे दात तिच्या तळव्यात रुतले.

"आधी ऐकू, एजे. आधी ऐकू."

म्हातारे आत आले तेव्हा दोघी अशा उभ्या होत्या आणि कढईतली पोळी काळी पडत होती. शेजारणीनं गॅस बंद केला. मुकाश अता म्हणाले, "बुबुसारा, बस." मरणाची बातमी अशीच सुरू होते. आत्या बसली नाही, भिंतीला घासत खाली आली. पेरिजातचा हात तिच्या तोंडावरून निघाला नाही.

मुकाश अतांनी टोपी नीट केली आणि सुरुवात केली. माणसाच्या हातात काय असतं. देणारा तो, घेणारा तो. डोंगरावर चढलेला प्रत्येक घोडा त्याच पायांनी उतरतो असं नाही. आपल्या बापजाद्यांनीही सोसलं. बाकीचे चौघे जमिनीकडे बघत होते. या बोलण्याला घाई करायची नसते, ऐकणाऱ्याचं मन हळूहळू तयार व्हावं म्हणून ते असतं. पेरिजातच्या तळव्याखाली आत्याचा श्वास पुन्हा भरत होता.

"अता," ती म्हणाली, "जिवंत आहे की नाही, तेवढं आधी सांगा."

मुकाश अता थांबले. पोरीबाळींनी मध्ये बोलायचं नसतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या हाताकडे बघितलं.

"जिवंत आहे," ते म्हणाले. आणि मग, आपलं पुढचं सगळं बोलणं वाया गेल्यासारखं, चटकन म्हणाले, "पाय गेला नाही. आखूड झाला."

कुबात परांची मोडून तिसऱ्या मजल्यावरून पडला होता. फोन त्याच्याबरोबरच खाली आला. आधी कित्येक दिवस तो शुद्धीवर नव्हता, मग दोनदा पाय उघडून पुन्हा बसवला. त्याच्या जोडीदारानं तेव्हाच मुकाश अतांना कळवलं होतं. म्हातारे बसले आणि त्यांनी ठरवलं की पोरगा वाचतो की जातो हे नक्की होईपर्यंत आईला सांगायचं नाही. काल डॉक्टरांनी नक्की केलं. तोवर सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेजारीण म्हणाली, रोज दूध घालताना तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं गं. ती रडत होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

आत्यानं कुणाला दोष दिला नाही, कुणाचे आभार मानले नाहीत. तिनं एकच विचारलं. कधी पडला?

"नोरुझच्या आधीच्या आठवड्यात," मुकाश अता म्हणाले.

पेरिजातला ते ऐकून खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ती नोरुझनंतर आली होती. गाणं नंतरचं, पडणं आधीचं. म्हणजे त्या ओळींनी काही केलं नव्हतं, तिच्या लूपनं तर नाहीच. तिनं हसून आत्याकडे बघितलं. आत्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

म्हातारे चहा पिऊन, उरलेल्या पोळ्या मोडून खाऊन गेले. अंगण रिकामं झाल्यावर आत्या बोलली.

"तो तिकडे पडलेला होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं."

"हो, एजे."

"मग ते मी म्हटलं नाही, कीझिम, माझ्या पोरी. माझ्याकडून कुणी तरी म्हणवून घेतलं."

पेरिजातनं लॅपटॉप पुढे ओढला. ती म्हणाली, आत्ता, तुमच्यासमोर पुसून टाकते. आत्यानं तिचा हात धरला, दात उमटलेला तोच. पुसू नको, म्हणाली. पुसलं तर त्याचं काय होतं, तुला माहीत आहे? पेरिजातला माहीत नव्हतं. वाजवायचं नाही आणि पुसायचं नाही, असं ठरलं. रेकॉर्डरमधलं कार्ड आत्यानं रुमालात बांधून रजयांच्या चळतीखालच्या पेटीत ठेवलं, जिथं तिच्या स्वतःच्या मयताचं कापड होतं.

मग तिनं नवी कणीक घेतली. त्या पोळीचं काय झालं ते दोघींनी पाहिलं होतं. सातातली एक जळाली होती. पुन्हा सात करायला हव्या होत्या. पहिली पोळी तेलात पडली आणि कढई बोलायला लागली. पेरिजातनं थोडा वेळ ऐकलं आणि रेकॉर्डरमध्ये दुसरं कार्ड घातलं. आत्यानं भुवया वर केल्या, मनाई केली नाही. कढईजवळ बोलायचं नाही, एवढं पेरिजातनं तिला सांगितलं. आत्या सातही पोळ्या होईपर्यंत ओठ मिटून होती.

संध्याकाळच्या आत तिनं लॅपटॉपवर तिसरा ट्रॅक उघडला, मधला आवाज काढला आणि तिथं ते तेल ठेवलं. ठोके थांबतात, आणि तेवढ्या वेळात फक्त काही तरी तडतडत राहतं, कमी होतं, पुन्हा वाढतं. डोंगराच्या बाजूच्या खिडकीत फोन ठेवला की नेट यायचं. तिथून तिनं फाइल पाठवली. एर्मेकचा फोन लगेच आला.

"हे काय आहे? पाऊस?"

"तेल."

"काय तळतेस?"

"सात," पेरिजात म्हणाली.

मग त्यानं कुबातबद्दल विचारलं, थेट नाही, तुझ्याकडे सगळे बरे आहेत ना असं. बरे आहेत, ती म्हणाली. फाइल बदलली, असा त्याचा निरोप थोड्या वेळानं आला. कॅसेटवर मात्र जुनंच होतं. ढिगाचं त्यानं काय केलं ते तिनं पुढे विचारलं नाही.

रेकॉर्ड शुक्रवारी निघाली. पहिल्या रेकॉर्डी जशा निघतात तशी निघाली: थोड्या लोकांनी घेतली, दोन-चार जणांनी चांगलं लिहिलं. एकानं तिसऱ्या ट्रॅकमधल्या डोंगरी पावसाचं कौतुक केलं. पेरिजातनं पुढच्या शनिवारी पुन्हा लग्नाचा आवाज सांभाळला. सोनून अपानं तिच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, मग? बरं आहे, पेरिजात म्हणाली. सोनून अपानं मान हलवली, पण दुपारी हॉलमध्ये काही वाजायला लागलं की ती अजून दार लावून घेते.

भीती पुरती गेली नाही. कधी तरी फोनवर एखादा व्हिडिओ येतो, कुठल्या तरी लांबच्या शहरातून, पाठवणाऱ्याला वाटतं ती खूश होईल. अंधार, धूर, माणसांची डोकी. ठोके थांबतात आणि बुबुसारा एजेचा आवाज वर चढतो, आणि ती सगळी अनोळखी माणसं हात वर करतात. पेरिजात तो पुरता बघत नाही. कुबातच्या नंबरवर फोन लावते, त्यानं उचलला की काही तरी विचारते, हवा कशी आहे वगैरे.

पानगळीत तो आला. डाव्या पायानं लंगडत, रशियातून आणलेल्या चॉकलेटच्या पिशव्या घेऊन. दोनच दिवसांनी पेरिजातच्या बापाचं, त्याच्यासाठी लांबवलेलं, वर्षश्राद्ध झालं. आत्यानं भावाचा कोशोक म्हटला, आखूड, आणि शेवटच्या ओळीवर ओठ असे मिटले की शेजारी बसलेल्या पेरिजातला दात लागल्याचा आवाज ऐकू आला. पाहुणे गेल्यावर कुबातनं चुलीजवळ पाय लांब केला आणि बहिणीला म्हणाला, तुझी रेकॉर्ड निघाली म्हणे, आम्हाला कोण ऐकवणार? तिकडच्या खोलीतल्या पोरांना सांगितलं तर विश्वास ठेवेनात.

तिनं त्याला तिसरा ट्रॅक ऐकवला, हेडफोनवर नाही, फोनच्या छोट्या स्पीकरवर. तो मन लावून ऐकत होता, बऱ्या पायानं ताल धरून. ठोके थांबले. तेल तडतडायला लागलं. कुबातचा पायही थांबला. त्यानं मान तिरकी केली, बाजूच्या खोलीतून कुणी हाक मारली की काय हे ऐकावं तशी.

"छान आहे," तो म्हणाला. "पण इथं कुणी तरी गायला हवं होतं."

आत्या दारात उभी होती, हातात पोळ्यांची परात घेऊन. तिनं पेरिजातकडे बघितलं. पेरिजातनं आवाज बंद केला.

"चहा गार होतोय," आत्या म्हणाली. आणि परात तिनं पोरासमोर ठेवली.